‘कुठल्याही रिळावर’ म्हणू नका!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही गळाने मासे धरण्याच्या छंदावर अर्धं पान दिलंत. वाचून बरं वाटलं. एरवी आमच्यासारख्यांचं नाव पेपरात येतं ते लाटेने ओढून नेल्यावरच. लेख चांगला होता, फोटो तर झकास होते. पण खाली उजव्या कोपऱ्यात नवशिक्यांसाठी एक चौकट होती आणि तिच्यात हे वाक्य होतं : जुनी नायलॉनची दोरी विसरा, कुठल्याही रिळावर ब्रेडेडच भरा. ब्रेडेड म्हणजे विणीची दोरी. माझं भांडण तिच्याशी नाही, त्या ‘कुठल्याही’ शब्दाशी आहे. त्या शब्दापायी माझ्या उजव्या तर्जनीला पाच टाके पडलेत.

मी वीज खात्यातला निवृत्त वायरमन. ३१ वर्षं तारा ओढल्या, जोडल्या, वादळानंतर पुन्हा उचलून बांधल्या. घर भाट्याला. काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा सायकलवर सात मिनिटांची. भरती किती वाजता आहे ते बघून आमच्याकडे रात्रीचा भात लावतात. लहानपणी बांबूच्या काठीला दोरा आणि बुचाचा तुकडा बांधून गरवायला जायचो. नोकरी लागल्यावर सुटलं, निवृत्तीनंतर पुन्हा लागलं, आणि या खेपेला जरा जास्तच लागलं. आज घरात चार रिळं आहेत. त्यातल्या दोनच बायकोला माहीत आहेत, म्हणून पत्राखाली नाव छापू नये ही विनंती आधीच करून ठेवतो.

आता टाक्यांची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मुंबईला लेकीकडे गेलो होतो. तिथल्या एका दुकानातल्या पोराने मला विणीची दोरी दाखवली. हिरवीगार, तीनशे मीटर, तीस पौंडी. बोटांत धरली तर शिवणाच्या दोऱ्याएवढी. मी म्हटलं, ही तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो पेलणार? तो म्हणाला, काका, ओढून बघा. ओढली, तुटेना. बाराशे रुपये मोजले. माझ्या रिळाला चालेल का विचारलं, तर मान वर न करता उत्तर आलं, कुठल्याही रिळाला चालते. हाच तो शब्द.

घरी येऊन जुन्या स्पिनिंग रिळावरचा तंगूस काढला आणि ही दोरी सरळ धातूच्या चाकावर गुंडाळली. तंगूस म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगतो, तुमच्या चौकटीतली ‘जुनी नायलॉनची दोरी’ ती हीच, एकसंध, काचेसारखी. ती काढली, दारात फेकली आणि संध्याकाळी मिऱ्याच्या बाजूच्या खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, गेलो.

ओहोटी लागून तासभर झाला होता. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, जिवंत कोळंबी. तिसऱ्या फेकीला काठी अशी वाकली की टोक पाण्याला लागलं. तांबोशी होती, ते पहिल्याच हिसक्याला कळलं. ती खाते तीच दगडाखाली घुसण्यासाठी. मी रिळाचा ड्रॅग, म्हणजे चाकाचा ब्रेक, करकचून आवळला आणि मूठ फिरवायला लागलो. मूठ फिरतेय, पण दोरी येत नाही. खाली बघतो तर चाकावरचा दोरीचा गठ्ठाच्या गठ्ठा गरागरा फिरतोय, गिरणीतला पट्टा सैल झाल्यावर घसरतो तसा. ड्रॅगने चाक धरलं होतं. दोरीने चाक धरलंच नव्हतं! घाईत मी पुढची दोरी हातावर घेतली. माशाने ओढली. बोट कापलेलं कळलंदेखील नाही, आधी दोरी लाल दिसली. तेवढ्यात ती दगडावरच्या कालवांवर टेकली आणि सगळं हलकं झालं. तट् नाही, काही नाही. नुसतं हलकं.

टोक ओढून बघितलं तर झाडूच्या काडीसारखं पिंजलेलं. पलीकडच्या दगडावर आमच्या वाडीतले एक खारवी आजोबा बसले होते. लाकडी फळीवर गुंडाळलेला जाड तंगूस, ना काठी ना रीळ. त्यांनी माझं बोट आपल्या मुंडाशाच्या टोकाने बांधलं. बांधता बांधता म्हणाले, “खडपात ह्यो दोरा चालायचा न्हाय, बाबा. कालवां चावतात त्येला.” दवाखान्यातून घरी आलो तर बायको म्हणाली, तांबोशी बाजारात मिळते.

बोट बरं होईपर्यंत महिना गेला. तेवढ्यात मी तिन्ही प्रकारच्या दोऱ्या समोर घेऊन बसलो, आणि लक्षात आलं की ज्या गोष्टी मी जन्मभर खांबावर चढून शिकलो त्याच इथे विसरलो होतो.

गावातली साधी लाइन ज्या तारेची असते तिला आमच्यात वीझल म्हणतात. मधे पोलादाची एक तार आणि भोवती ॲल्युमिनियमच्या सहा, पीळ घातलेल्या. एखादी तार चटकली की तिचा भार उरलेल्यांवर, मग दुसरी, मग तिसरी. विणीच्या दोरीचं हेच आहे, फक्त इथे सात तारा नाहीत, केसापेक्षा बारीक शेकडो तंतू आहेत, चार किंवा आठ पेडांत विणलेले. पदार्थ पॉलिथिनचाच, म्हणजे पिशवीचा भाऊबंद, पण त्याचे रेणू फार लांब असतात आणि सगळे एका दिशेला ओढून ताठ केलेले. सरळ ताणात त्याला तोड नाही. कडेवर घासला की मात्र एकेक तंतू जातो, आणि कालवाची कड म्हणजे ब्लेडच. तंगूस एकसंध असतो, त्याला ओरखडा पडतो पण गाभा शिल्लक राहतो. जाडीही मदतीला येते. तीस पौंडी विणीची दोरी साधारण ०.२८ मिलिमीटर, तेवढंच वजन पेलणारा तंगूस अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दगडाला घासायला कोण जास्त वेळ पुरेल हे सांगायला वायरमन कशाला हवा?

जाडीवरून एक आडकथा. माझ्याकडे जुना स्क्रूगेज आहे. पुढच्या खेपेला स्वस्तातली एक दोरी आणली, वेष्टनावर ०.२८ छापलेलं. गेजमध्ये धरली तर ०.३६. विणलेली दोरी गेजच्या जबड्यात चपटी होते, म्हणजे खरी जाडी त्याहूनही जास्तच असणार. वजनाचा आकडाही असाच फुगवलेला असतो. एक टोक खिळ्याला बांधून दुसऱ्याला माळ्यावरचा स्प्रिंगचा काटा लावला आणि ओढत गेलो, तर गाठीपाशी नऊ किलोला गेली. वेष्टनावर वीस किलो! तेव्हापासून वेष्टनावरचा आकडा मी निवडणुकीतल्या आश्वासनासारखा वाचतो.

मग ब्रेडेड वाईट का? मुळीच नाही. आज माझ्या चारांतल्या दोन रिळांवर तीच आहे. पण ती कशासाठी हे समजून घ्यायला ‘झोल’ समजून घ्यावा लागतो. दोन खांबांमधली तार कधीही ताठ ओढत नाहीत. मे महिन्यात ताठ ओढलेली तार डिसेंबरच्या पहाटे आखडते आणि खांब तरी वाकवते, नाहीतर जॉइंटला तरी तुटते. म्हणून मुद्दाम झोल सोडतात. तंगुसाच्या अंगातच झोल असतो. तुटण्याआधी तो वीस-पंचवीस टक्के सहज लांबतो. विणीची दोरी जेमतेम तीन-चार टक्के. पन्नास मीटरवर गरी पडलेली आहे आणि मुडदुशीने कोळंबीला नुसतं तोंड लावलं, तर ब्रेडेडवर ते बोटाला कळतं, दारावर नखाने टकटक केल्यासारखं. तंगुसावर वाटेतल्या वाटेत विरतं. काठीला हिसका देऊन गरी रुतवायची तर तंगुसात अर्धा हिसका दोरी लांबण्यातच जातो.

पण तीच गोष्ट उलटी लावून बघा. मासा पायापाशी आलाय, शेवटची उसळी घेतो. तंगूस ती उसळी पोटात घेतो. ब्रेडेड ती जशीच्या तशी गरीवर, गरीवरून माशाच्या ओठावर पोचवते आणि ओठ फाटतो. म्हणून ब्रेडेड लावली की ड्रॅग सैल ठेवायचा, दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्श्याला दोरी सुटायला लागली पाहिजे. तीस पौंडीला साडेतीन किलो. मी अंदाजाने लावत नाही, स्प्रिंगचा काटा अडकवून लावतो. सोबतचे हसतात. हसोत.

आता रिळाचं. चौकट लिहिणाऱ्याने इथेच घोटाळा केला, कारण रीळ आणि रीळ यांत फरक आहे. स्पिनिंग रिळाचं चाक फेकताना फिरत नाही, दोरी त्याच्या तोंडावरून वेटोळी वेटोळी सुटते. तंगुसाला चाकाची सवय लागते, तो स्प्रिंगसारखा वळ धरून बसतो, जाड असला की भसकन सगळाच बाहेर येतो. विणीच्या दोरीला वळ लागत नाही, बारीक असल्याने वाऱ्यातही लांब जाते. अशा रिळाला ती खरोखर साजते. फक्त तीन पथ्यं पाळावी लागतात. एक म्हणजे धातूच्या चाकावर ती थेट भरायची नाही, खाली दहा-पंधरा मीटर तंगूस गुंडाळायचा आणि त्याला ही जोडायची, म्हणजे पकड मिळते. नाहीतर चाकावर टेपचा एक वेढा द्यायचा. काळी इन्सुलेशन टेप! जी ३१ वर्षं माझ्या उजव्या खिशात होती आणि त्या दिवशीही होती. हे लिहिताना आजही मला स्वतःला दोन लगावाव्याशा वाटतात. दुसरं पथ्य, भरताना दोरी ओल्या फडक्यातून दाबून भरायची. सैल भरली की वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि पुढच्या फेकीला हवेतच अशी गाठ पडते की तिला कात्रीशिवाय औषध नाही. तिसरं, फेकल्यावर रिळाची दोरी अडवणारी कमान मूठ फिरवून नाही, हाताने पाडायची आणि दोरी एकदा ताणून घ्यायची. हे तिसरं मला अजूनही दहांतून तीनदा आठवत नाही.

बेटकास्टर म्हणतात त्या रिळाचं उलट. तिथे फेकताना चाक स्वतः फिरतं आणि अंगठ्याने त्याला आवरायचं असतं. अंगठा चुकला की चाक पुढे, दोरी मागे, आणि क्षणात चिमणीचं घरटं. घरटं तंगुसाचं असेल तर दहा मिनिटांत सुटतं. बारीक ब्रेडेडचं असेल तर संध्याकाळ गेली. शिवाय जोराचा मासा लागला की बारीक दोरी आपल्याच वेढ्यांत करवतीसारखी आत जाते, आणि पुढची फेक मधेच अडकून आमिष सुटून जातं, शिशासकट पलीकडच्या माणसाच्या दिशेने. माझा भाचा पुण्याहून असं रीळ घेऊन आला, त्यावर वीस पौंडी ब्रेडेड, तुमच्या चौकटीसारख्याच कुणाच्या तरी सल्ल्याने. भाट्याच्या वाळूवर दोन तास घरटी सोडवत बसला. मी त्याला ०.३५चा साधा तंगूस भरून दिला, शंभर रुपयांचा. संध्याकाळपर्यंत त्याचे हात बसले आणि एक शेंगाळा मिळाला. शेंगाळा काढताना काटा लागून बोंबलला ते वेगळं. हात बसल्यावर त्या रिळावरही विणीची दोरी भरावी, पण चाळीस-पन्नास पौंडी, जी रुतणार नाही इतकी जाड असते.

होडीवरची मोठी रिळं मी स्वतः फारशी वापरलेली नाहीत, पण ओळखीच्या नाखव्याबरोबर दोन-चारदा गेलोय तेवढ्यावरून सांगतो. होडी चालत असताना मागे आमिष ओढत सुरमईच्या मागे असाल तर तंगूसच बरा. सुरमई वेगाने येऊन आदळते आणि होडीही चालत असते, तो दणका लवचीक दोरीच खाऊ जाणे. गरीच्या वर मात्र तारेचा तुकडा हवा, तिच्या दातांपुढे तंगूस आणि ब्रेडेड दोघांची सारखीच गत. होडी उभी करून खोल पाण्यात तळाला गोबऱ्यासाठी गरी सोडायची असेल तर ब्रेडेडला पर्याय नाही. तीस-पस्तीस वाव (वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात जाड तंगुसाला करंट असा फुगवतो की शिसं तळाला टेकलं की नाही तेच समजत नाही. बारीक दोरी पाणी कापत जाते, आणि तळाचा दगड कुठला आणि मासा कुठला ते हाताला कळतं.

रीळच नसेल, आजोबांसारखा हातदोर असेल, तर ब्रेडेडचं नावही काढू नये. माझं बोट बघायला या.

राहिली तिसरी दोरी, फ्लुरोकार्बन. ही जपानची, कुरेहा नावाच्या कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणली. दिसायला तंगुसासारखीच, पण हाताला जड आणि कडक लागते. तंगूस पाण्यापेक्षा किंचित जड, ब्रेडेड पाण्यापेक्षा हलकी म्हणून तरंगते, आणि ही पाण्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जड, म्हणून चटकन बुडते. प्रकाश पाण्यातून वाकतो त्याचा आकडा १.३३, या दोरीचा १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. पाण्याच्या जितकं जवळ तितकी दोरी कमी दिसते, असा हिशोब. ब्रेडेड तर माशाला रस्त्यासारखी दिसत असणार. म्हणून ब्रेडेडच्या पुढे दोन वाव फ्लुरो जोडायची पद्धत आहे, या तुकड्याला पुढा म्हणतात. दिसत नाही हा एक फायदा, आणि खडपात घासायला पुढे ही येते हा मला वाटतं त्याहून मोठा फायदा. आता खडपात मी अशीच लावतो, ०.६०ची, आणि त्या तांबोशीच्या दोन भाऊबंदांना घरी आणलं आहे.

पण इथेही दुकानदाराच्या नादी लागू नये. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळशंख असतं, तेव्हा फ्लुरोला पैसे टाकावेत. जुलैत काजळी लाल चहासारखी वाहत असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, पावसाची उघडीप बघून आम्ही खाडीच्या मुखाशी जिताड्याच्या आशेने उभे. त्या पाण्यात माशाला स्वतःची शेपटी दिसत नाही, त्याला तुमची महागाची दोरी काय दिसणार? तिथे जाड तंगुसाचा पुढा बांधावा आणि उरलेल्या पैशांची कोळंबी घ्यावी. सगळं रीळच फ्लुरोने भरणारेही मी पाहिलेत. ताठ तारेसारखी ती, स्पिनिंगच्या चाकावर बसतच नाही.

दोन दोऱ्या जोडायच्या म्हणजे जॉइंट आला, आणि जॉइंट म्हणजे माझा विषय. लाइन तुटते ती बहुधा जॉइंटला. पॉलिथिन मुळात तेलकट गुळगुळीत; त्याला साधी गाठ मारली तर ताण येताच सरकत सरकत सुटते. म्हणून ब्रेडेडकडून आठ वेढे, जाड दोरीकडून चार-पाच, अशा समोरासमोर दोन सरगाठी मारतात आणि आवळण्याआधी थुंकीने ओल्या करतात. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कच्चं होतं. हल्लीची पोरं गाठ न मारता ब्रेडेडची वेणी जाड दोरीवर घालत नेतात. ती काठीच्या कड्यांतून लोण्यासारखी जाते आणि माझ्या स्प्रिंगच्या काट्यावरही तीच सरस ठरली. पण संध्याकाळच्या उजेडात, चष्मा खारट झालेला, पायाखाली शेवाळ, अशा वेळी ती वेणी मला जमत नाही. घरून तीन पुढे बांधून नेतो, खडपात तुटला तर सरगाठी.

काठीच्या कड्या तपासा, हेही तुमच्या लेखात नव्हतं. जुन्या काठ्यांच्या साध्या धातूच्या कड्यांत ब्रेडेड खाच पाडते आणि मग तीच खाच ब्रेडेडला कापते. कापसाचा बोळा कडीतून फिरवावा. तंतू अडकला की कडी बदलायची. आणि तंगूस जुना म्हणून नाही, उन्हात राहिला म्हणून मरतो. मी तो गाडीच्या काचेमागे ठेवलेला लोकांचा पाहिलाय. दर पावसाळ्याआधी बदलला तरी शंभर-दीडशे रुपयांचं काम. ब्रेडेड तीन-चार वर्षं जाते, फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची. एक टोक झिजलं की चाकावर उलटी भरायची, आतलं कोरं टोक बाहेर.

गरी दगडात अडकली तर दोरी हाताला गुंडाळून ओढू नका. एक वीतभर बांबूचा दांडका पिशवीत ठेवा, त्याला वेढे द्या आणि मागे चालत जा. टाके पडल्यावर आलेलं शहाणपण आहे, फुकट देतोय.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या नोव्हेंबरात त्याच खडपात एक राखी समुद्रबगळा एका पायावर उभा होता. बगळा एका पायावर उभा राहतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तासाभराने उडाला तर दुसरा पाय खाली लोंबत होता आणि त्याला हिरवी दोरी. हिरवी, बारीक, विणलेली. माझीच असेल असं नाही. नसेल असंही नाही. तीन वर्षांपूर्वीची ती तांबोशी सव्वाशे मीटर घेऊन गेली होती, तिचं काय झालं देव जाणे. सुती दोरा सहा महिन्यांत कुजायचा. तंगूस आणि ब्रेडेड दोन्ही कुजत नाहीत, आणि ब्रेडेड तर पाण्यावर तरंगत राहते.

दुसरी गोष्ट संक्रांतीची. नोकरीत असताना जानेवारीत तारांवरून पतंग काढत फिरणं हे आमचं ठरलेलं काम. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. पण जुनी झालेली ब्रेडेड पोरांना पतंगाला देणारे महाभाग मी आमच्याच वाडीत पाहिलेत, “मजबूत आहे, तुटायची नाही” म्हणून! तुटायची नाही हेच तर भय आहे. रस्त्यावर आडवी आली आणि दुचाकीवाल्याच्या गळ्याला लागली तर माझ्या बोटाचं झालं ते गळ्याचं होईल. वापरून झालेली कुठलीही दोरी बोटभर लांबीचे तुकडे करूनच कचऱ्यात टाकावी. मी टीव्ही बघता बघता करतो, बायकोच्या भाजीच्या कात्रीने, ती आत असताना.

परदेशात काही धक्क्यांवर जुनी दोरी टाकायला प्लास्टिकच्या पाइपचे उभे डबे लावलेले असतात. मी चार इंची पाइपचा हातभर तुकडा घेतला, खालून टोपण बसवलं, वरून वाकडं कोपर, आणि आम्ही जिथे बसतो तिथल्या एका खांबाला तारेने बांधला. तार बांधायला मला कुणाची परवानगी लागत नाही असं मी अजून समजतो. वर रंगाने लिहिलं, ‘जुना तंगूस इथे टाका’. पहिल्या महिन्यात उघडला तर आत गुटख्याच्या अकरा पुड्या, एक बिडीचं थोटूक आणि मूठभर तंगूस. दुसऱ्या महिन्यात पुड्या चार आणि तंगूस दोन मुठी. परवा तिसऱ्यांदा उघडला, तेव्हा तंगुसाखाली एक सबंध गुंडाळी सापडली, नीट वेटोळं करून रबराने बांधलेली, हिरवी ब्रेडेड, पन्नासेक मीटर. कुणीतरी खडपातून सोडवून आणलेली, तिला कालवांचे पांढरे कपचे तसेच चिकटलेले. खारवी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “तुजीच असंल, बघ.”

पुढच्या रविवारी चौकट पुन्हा छापणार असाल तर ‘कुठल्याही’ तेवढा काढा.

आपला,
एक निवृत्त वायरमन
भाट्ये, रत्नागिरी